वरचं पाणी, खालचं पाणी

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मी बुधवारी जाते. रविवारच्या गर्दीत खाली बसून काही निवांत उलगडून पाहता येत नाही. पान्हे, नळाच्या तोट्या, पितळी कुलपं आणि बंद पडलेली घड्याळं यांच्यामध्ये कधीकधी कुणीतरी चादरीवर कागद मांडून बसलेलं असतं. जुन्या लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, अनोळखी माणसांचे फोटो. एखाद्या वाड्याची वाटणी होते, जागा बिल्डरला जाते, माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या होतात, आणि वाटणीत जे कुणीच मागत नाही ते इथे येतं. पाच वर्षांपूर्वी अशाच एका चादरीवर मला मुठा नदीचा फोटो मिळाला.

वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. कागद अगदी पातळ, कडेने चहासारखा पिवळा पडलेला. उजव्या बाजूला नदीचा काठ, पायऱ्या, पायऱ्यांच्या वर झाडीतून डोकावणारी ओंकारेश्वराची शिखरं. पाणी थोडं, खडक उघडे. डाव्या बाजूला दूरवर, पुसट, पुलाच्या तीन-चार कमानी. पाण्याच्या कडेला माणसं. अगदी पुढे म्हशी, त्यांच्यालगत धुणं धुणाऱ्या बायका, आणि बऱ्याच मागे कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले उघडे पुरुष, हात जोडून. पुठ्ठ्यामागे पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलेलं, 'टेंपल अँड ब्रिज, पूना'. साल नाही, कुणाचं नाव नाही.

विकणाऱ्याने सांगितलेली किंमत मी घासाघीस न करता दिली. आमचं घर तिथलं होतं. मी तिथे एक दिवसही राहिले नाही, तरी विचारलं की मी तेच सांगते.

शनिवार पेठेत, ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या बोळात एका वाड्यात आजोबांचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, सामाईक मोरी, मागच्या दाराने उतरलं की नदी. पानशेतचं धरण मातीचं, अजून पुरतं बांधून झालेलं नव्हतं. १२ जुलै १९६१ च्या सकाळी ते फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं, आणि १८७९ पासून उभं असलेलं तिथलं दगडी धरणही दुपारी गेलं. आजी, आजोबा, माझे वडील आणि आत्या अंगावरच्या कपड्यांनिशी उंचावरच्या नातेवाइकांकडे गेले होते, म्हणून वाचले. वाडा बसला. पुढे शाळेतल्या वर्गात काही दिवस, मग गोखलेनगरची पूरग्रस्तांची वसाहत. माझा जन्म तिथला, १९६४ चा. 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' अशीच आमच्या घरात कालगणना होती. अमक्याची मुंज पुराच्या आधी, तमक्याचं लग्न पुराच्या नंतर. साल कुणी सांगत नसे.

फोटोंची ट्रंक पाण्यात गेली. वाचला तो एकच, आजी-आजोबांचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, आणि तोही फ्रेमसकट चार दिवस गाळात होता. ओला झालेला फोटो वाळताना काचेला चिकटला. आजोबांचा चेहरा शाबूत आहे, आजीचा डावा गाल आणि नथ यांच्या जागी तपकिरी डाग आहे. काही वर्षांपूर्वी जुने फोटो जतन करणाऱ्या एका जाणकाराला मी तो दाखवला. तो म्हणाला, काच काढू नका, काढलीत तर चित्र काचेवर राहील आणि तुमच्या हातात कोरा कागद येईल. तेव्हापासून ती फ्रेम आम्ही उघडलेली नाही.

आपले फोटो नसले की माणूस दुसऱ्यांचे बघतो. मी ग्रंथालयात नोकरी केली, जुन्या कागदांची सवय होती, निवृत्तीनंतर वेळ होता. पुण्याचे जुने फोटो जिथे दिसतील तिथे मी ते पाहत गेले. पुस्तकांत, प्रदर्शनांत, कुणाच्या घरच्या अल्बममध्ये, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने संगणकावर खुल्या केलेल्या संग्रहात.

पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की साहेबाची नदी आणि आपली नदी वेगळ्या. साहेबाची नदी मुळा-मुठेच्या संगमापासून सुरू होते. संगमावर पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाचा, म्हणजे रेसिडेंट एल्फिन्स्टनचा बंगला होता, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, तो पेटवला गेला आणि एल्फिन्स्टनची पुस्तकं त्यात जळली. पुढे राज्य त्यांचं झालं आणि संगमाची ती बाजू त्यांच्या नजरेत कायमची बसली. संगमाचा पूल, मग खाली बंड गार्डन. तिथला बंधारा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५० मध्ये पुरा झाला. बंधाऱ्यामुळे मागे पाणी तुंबून संथ राहिलं, त्यावर नावा आल्या, बोट क्लब आला, आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस सिंहांचे पुतळे बसवलेला फिट्झगेराल्ड पूल आला. या भागाचे फोटो चिक्कार आहेत आणि सुंदर आहेत. आरशासारखं पाणी, त्यात उलटी झालेली झाडं, एखादी रिकामी नाव. माणूस असला तर प्रमाण कळावं म्हणून उभा केलेला.

आपली नदी वरच्या अंगाला, विठ्ठलवाडीपासून लकडी पूल, ओंकारेश्वर, कुंभारवेस. तिथले फोटो कमी, आणि आहेत त्यांत माणसं खूप. तिथे माणूस नसलेला काठ मिळणं अवघडच होतं.

गल्लीबाजारांचेही फोटो आहेत. शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत पूर्वी भाजीबाजार भरायचा. १८८६ मध्ये मंडईची इमारत उभी राहिली, तेव्हा तिला गव्हर्नर रे साहेबांचं नाव दिलं होतं. आज ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या महात्मा फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. त्या काळच्या गल्लीबाजारांच्या फोटोंत दुकानाच्या फळीवर मांडी घालून बसलेले व्यापारी दिसतात, बैलगाड्या, टांगे, पगड्या, उपरणी, अनवाणी पोरं. पगड्या काळ्या दिसतात, पण त्यांतल्या कितीतरी लाल असणार, कारण त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. लाल पगडी, लाल आलवण, कुंकू, सगळं काळं उमटे. मी पाहिलेल्या या रस्त्यांच्या फोटोंत बायका फारच थोड्या. एखादी डोक्यावर पाटी घेतलेली, एखादी कडेने जाणारी. पेठांतली निम्मी माणसं रस्त्यावर नाहीत. ती नदीच्या फोटोंत आहेत. घाटावर, पाण्यात गुडघाभर उभी, ओचे खोचून, एकमेकींशी बोलत. आजीच्या पिढीतल्या बाईला घराबाहेर बिनकामाचं थांबायला जागा नव्हती. कामाच्या निमित्ताने चार घटका चारचौघींत थांबायची एकच जागा होती, आणि ती नदीवर होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं.

पण नदीच्या फोटोंतही या बायका धड दिसत नाहीत. १८५० नंतरची तीसेक वर्षं फोटो काढायची रीत अशी होती, की काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, ओली असतानाच धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. त्यासाठी काळोखा तंबू, बाटल्या, काचा, तिवई, सगळं हमालांच्या डोक्यावर देऊन हिंडायचं. आणि धुवायला पाणी लागायचं. मुठेच्या काठी तिवई लावणाऱ्याने आपल्या काचा मुठेच्याच पाण्याने धुतल्या असतील, असं मला नेहमी वाटतं. प्रकाश पडायला काही क्षण लागत. त्या क्षणांत जो थांबला तो उमटला. हात जोडून सूर्याला अर्घ्य देणारे लख्ख उमटले, कारण ते स्थिर होते. धुणं आपटणाऱ्या बाईचे हात मात्र खांद्यापाशी नुसते धुरासारखे दिसतात. म्हशीचं धड आहे आणि डोक्याच्या जागी दोन डोकी आहेत. वाहतं पाणी दुधासारखं सपाट. काम करणाऱ्या माणसाची त्या कॅमेऱ्याला पारखच नव्हती.

आणि जिथे माणसं स्पष्ट हवी होती तिथे ती बसवली जात. मुंबईचा विल्यम जॉन्सन १८५०-६० च्या दशकांत इथल्या जातीजमातींचे फोटो काढत होता. त्याने स्टुडिओत काढलेल्या माणसांच्या आकृती दुसऱ्या ठिकाणच्या देखाव्यांवर बसवून चित्रं तयार केली. मंदिर खरं, माणसं खरी, पण ती तिथे कधी उभी नव्हती. हे कळल्यापासून मी प्रत्येक जुन्या फोटोतल्या माणसांच्या पायांकडे आधी बघते. सावली आहे का, पाय ओले आहेत का.

माझ्या फोटोतले पाय पाण्यात होते. ती माणसं तिथलीच होती. तरी फोटो जुळत नव्हता.

ओंकारेश्वर उजवीकडे आणि पुढे दूर पूल, म्हणजे फोटो काढणारा प्रवाहाच्या दिशेने बघतोय आणि समोरचा पूल हा नवा पूल. कागदोपत्री तो शिवाजी पूल. १९२० च्या दशकात बांधला तेव्हा लॉइड गव्हर्नरचं नाव होतं. शंभर वर्षं उलटली तरी जुन्या पेठांत त्याला अजून नवा पूलच म्हणतात. म्हणजे फोटो १९२० नंतरचा. पण कागद सांगत होता की फोटो त्याच्या निदान तीस-चाळीस वर्षं आधीचा आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला तो पातळ, पिवळट कागद १९२० च्या दशकात फारसं कुणी वापरत नव्हतं.

दुसरं कोडं जानव्यांचं. फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला तेव्हा पाण्यातल्या दोघातिघांच्या छातीवर पांढरी रेघ दिसली, आणि ती उजव्या खांद्यावरून डावीकडे उतरत होती. जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं. उजव्या खांद्यावर, म्हणजे अपसव्य, ते फक्त पितरांच्या कामाला करतात. मी ठरवलं की हा पितृपक्षातला फोटो आहे, बहुतेक सर्वपित्री अमावास्येचा, तर्पण चाललंय. वहीत तसं लिहूनही ठेवलं. भाद्रपदात मुठेचे खडक इतके उघडे कसे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. एकदा आपल्याला एक गोष्ट सुचली की तिच्याविरुद्धचं दिसत नाही.

आत्या कोथरूडला लेकीकडे असते. वय चौऱ्याऐंशी. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत आणि ती स्वच्छ वाचते. पूर आला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. तिला फोटो इतकी वर्षं का दाखवला नाही याचं खरं कारण सांगते. पुराचा विषय निघाला की तिची रात्रीची झोप जाते, असं तिची लेक म्हणायची, आणि मी ते मानलं. गेल्या उन्हाळ्यात आंबे द्यायला गेले तेव्हा फोटो पिशवीत होता. दुपारी चहा झाल्यावर आत्यानेच विचारलं, "त्यात काय आहे पुठ्ठ्याचं?"

तिने तो खिडकीशी नेला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ओंकारेश्वर आहे हा."

"हो."

"मग ह्या म्हशी इथे कुठून आल्या?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अगं, म्हशी खाली. खालच्या अंगाला. ही बघ, ह्या पुढे म्हशी, मग धुणं, आणि पुरुष मंडळी त्यांच्या पलीकडे. पाणी इकडून तिकडे जातंय म्हणतेस ना तू? मग म्हशींचं पाणी भटजींच्या अंगावर येणार. असं कोण करेल?"

मी तिला पुलाचं सांगितलं, नव्या पुलाचं. तिने मान हलवली.

"पहाटे वर आंघोळी. आई आम्हाला मधल्या पायऱ्यांच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. त्याच्या खाली धुण्याचे दगड. प्रत्येकीचा दगड ठरलेला, दुसरीच्या दगडावर कुणी बसायचं नाही. त्याच्या खाली गोधड्या आणि घाण कपडे. त्याच्याही खाली म्हशी. वरचं पाणी, खालचं पाणी असंच म्हणायचो आम्ही. 'आज वरच्या पाण्यावर गर्दी आहे' असं." तिने फोटोवर बोट न टेकवता हवेतच फिरवलं. "यात नदी उलटी वाहतेय."

मी तिथेच टेबलावर डोकं धरून बसले. काचेची प्लेट कागदावर ठेवताना उलटी ठेवली की चित्र उलटं छापलं जातं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. मधे काचेची जाडी आल्याने ते किंचित पुसटही होतं. माझा फोटो पुसट होता, आणि तो जुनेपणामुळे पुसट आहे असं मी धरून चालले होते. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. मोबाइलमध्ये फोटो होता, तो मी आडवा उलटा केला आणि आत्यासमोर धरला.

ओंकारेश्वर डावीकडे गेला. पूल उजवीकडे. आता फोटो काढणारा खालच्या अंगाला उभा राहून प्रवाहाच्या उलट, वर बघत होता. त्याच्या पायाशी म्हशी, मग धुणं, मग आंघोळी, आणि सगळ्यांच्या मागे लांबवर लकडी पूल. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या वेळी लाकडाचा बांधला म्हणून लकडी. दगडी होऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी नाव लाकडाचंच, आणि सरकारी नाव संभाजी पूल आहे हे बसच्या पाटीवर वाचल्याशिवाय आठवत नाही. लकडी पूल दिसतोय म्हणजे नव्या पुलाचा प्रश्नच उरला नाही. कागद खरं सांगत होता. पुरुषांची जानवी डाव्या खांद्यांवर आली. तर्पण नव्हतं, पितृपक्ष नव्हता, उन्हाळ्यातली एक साधी सकाळ होती, आणि कॅमेऱ्याकडे वळलेली त्यांची तोंडं म्हणजे पूर्वेकडे वळलेली तोंडं होती.

आत्या म्हणाली, "आता बरोबर आहे." आणि तिने मोबाइल परत दिला.

मला त्या रात्री झोप लागली नाही. चार वर्षं मी पूल, कागद, रसायनं, गव्हर्नरांच्या नेमणुका यांवरून फोटो वाचत होते. पुठ्ठ्यामागे लिहिणाऱ्यानेही मंदिर आणि पूल एवढंच लिहिलं. आत्याने ज्यावरून फोटो वाचला त्या म्हशी, ते दगड, ती धुणं कुठल्याच नोंदीत नसतात. त्या नोंदी करणाऱ्यांना कधी नदीवर धुणं धुवावं लागलं नव्हतं.

आत्या ज्याला वरचं पाणी म्हणते त्याचा दुसरा अर्थही मला ठाऊक आहे आणि तो लिहायला हवा. वरचं पाणी कुणाचं आणि खालचं कुणाचं हे फक्त आंघोळ आणि म्हशी यांवरून ठरत नव्हतं. पुण्यात पिण्याचं पाणी सगळंच नदीचं नव्हतं. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी मार्गाने शहरात पाणी आणलं होतं आणि ते हौदांत पडायचं, काळा हौद, बदामी हौद, असे. त्या हौदांना सगळ्यांना हात लावता येत नव्हता. १८६८ मध्ये जोतिबांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, यावरून बाकीच्या हौदांचं काय होतं ते कळतं. नदीवरही तोच क्रम होता. मी फोटो पुन्हा पाहिला तेव्हा म्हशींच्याही खाली, अगदी कडेला, अर्धवट कापली गेलेली एक बाई दिसली. वाकून पाणी भरत असावी, फक्त पाठ आणि एक हात दिसतो. म्हशींच्या खालून पाणी कोण भरत असेल? आत्याला विचारलं. ती म्हणाली, "तिकडे आम्ही बघायचो नाही." तिच्या आवाजात अपराध नव्हता आणि बचावही नव्हता. माझ्या लेखी त्या फोटोतली सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती आता तीच आहे, आणि तिच्याबद्दल सांगू शकणारं माणूस आमच्या घरात नाही, दुसऱ्या कुठल्यातरी घरात असेल.

आज नदीला वरचं पाणी आणि खालचं पाणी नाही. खडकवासल्यातून कालव्यांनी आणि नळांनी पाणी शहराला आणि शेतीला जातं, आणि पावसाळा सोडला तर पात्रात शहराचं सांडपाणीच जास्त असतं. पात्रातून रस्ता जातो. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, आणि मग माणसं नदी बघायला येतात, कठड्याला टेकून मोबाइलवर फोटो काढतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही काढते. पण ते सगळे फोटो वरून काढलेले असतात, पुलावरून. काठावरून, पाण्याच्या पातळीवरून काढलेला मुठेचा ताजा फोटो मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही, कारण तिथे कुणी उतरतच नाही. नदीकाठ सुधारण्याच्या योजनेची रंगीत चित्रं मी पाहिली आहेत. त्यांत रुंद पदपथ आहेत, दिवे आहेत, सायकलवर मुलं आहेत. पाण्याला हात लावणारं माणूस मी पाहिलेल्या एकाही चित्रात नव्हतं.

आत्याच्या वयाची माणसं अजून आहेत. शनिवारात, नारायणात, कसब्यात, कुंभारवेशीकडे, आणि पुराने विखुरली ती गोखलेनगर-जनवाडीत. ज्यांच्या घरात असं कुणी असेल त्यांना मी हात जोडून सांगते, फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा. 'हे कुठलं देऊळ' असं विचारू नका, देवळाचं नाव कुठेही मिळतं. तुम्ही कुठे उतरायचात, कोण कुठे बसायचं, पाणी कुठपर्यंत यायचं, पायाला काय लागायचं ते विचारा. आणि ते सांगतील ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो आणि शाई कागदातून झिरपते. फोटो पुठ्ठ्यावर नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. झोप जाईल म्हणून थांबू नका. मी थांबले. चार वर्षं गेली, आणि आत्याला त्या रात्री शांत झोप लागली होती असं तिच्या लेकीने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं.

आठवड्याने मी सुलटी केलेली प्रत स्टुडिओतून मोठी करून आणली आणि पुन्हा कोथरूडला गेले. आत्याने जेवणाच्या टेबलावर जागा केली, मेणकापड पुसलं, प्रत त्यावर ठेवली. मी वही आणि पेन्सिल घेऊन शेजारी बसले. तिने एक एक सांगायला सुरुवात केली. ह्या पायरीला मधे खळगा होता, त्यात पाणी साचायचं, तिथे पोरं कागदाच्या होड्या सोडायची. ह्या खडकाजवळ शेवाळ, इथे पडून माझ्या वडिलांचा दात तुटला होता. हा फोटो तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा होता, पण दगड तेच होते. तिच्या बोलण्यात क्षणभरही शंका नव्हती.

मी विचारलं, "आजीचा दगड कुठला?"

तिने फोटोवर वाकून पाहिलं. धुणं धुणाऱ्या बायकांवरून बोट खाली आलं, म्हशींवरून खाली आलं, त्या कापल्या गेलेल्या बाईपाशी क्षणभर थांबलं आणि वर परत गेलं. मग डावीकडे सरकत सरकत फोटोच्या कडेबाहेर गेलं, आणि मेणकापडावर, कडेपासून दोन बोटांवर टेकलं.

"इथे," ती म्हणाली. "इथे ये, असं बस. तोंड पाण्याकडे कर."